बर्फासाठी तीन जोड मोजे

आमच्या घरात खिडक्या उघडायचा एकच मोसम होता, तो म्हणजे हिवाळा. बाकीचं वर्ष शारजाच्या अल नहदामधला आमचा फ्लॅट एसीच्या घरघरीत बंद असायचा. मग एखाद्या सकाळी आई एसी बंद करून हॉलची काच सरकवायची आणि सगळी बिल्डिंग एकदम घरात शिरायची. शेजारच्या मल्याळी बाईंचा मिक्सर, खाली पार्किंगमध्ये सायकली फिरवणारी पोरं, मागच्या मशिदीतली अजान, दुबईच्या दिशेनं मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. आईला हे फार आवडायचं. ओट्याशी थालीपीठ थापता थापता ती म्हणायची, "बघ, आता कसं घरात माणसं असल्यासारखं वाटतंय." मला मात्र त्या हिवाळ्यात एका जागी बसवत नव्हतं. मी खिडकी लावायची, पुन्हा उघडायची, बाल्कनीत जाऊन वाळत घातलेल्या टॉवेलांमध्ये उभी राहायची, आत यायची आणि फ्रिजचं दार उघडून नुसतीच बघत राहायची. बाबा फोनमधून मान वर न करता म्हणायचे, "इरू, त्यातून नवीन काही निघालं तर मलाही सांग." मी "नथिंग, बाबा," म्हणून दार लावायची. पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच.

कारण साधं होतं. दहावी झाली की मला पुण्याला पाठवायचं ठरत होतं, आणि मी सोडून घरातले सगळे त्यावर बोलत होते.

याची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात सुमाआत्याच्या जेवणाच्या टेबलावर झाली होती. सुमाआत्या ही बाबांची थोरली बहीण, कोथरूडला राहणारी, अंगानं किरकोळ आणि आवाजानं भरभक्कम. आमरसाचं पातेलं काखेत धरून ती सगळ्यांना वाढत होती. माझ्या वाटीवर डाव धरून ती म्हणाली, "इरा, अकरावी-बारावी माझ्याकडेच कर की. ती मागची खोली तुला देते. येशील ना?" सगळं टेबल खायचं थांबून माझ्याकडे बघायला लागलं. मोठ्या माणसानं, तेही वाढता वाढता विचारलं, तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. आणखी एक पुरी घेतेस का, याला जशी मान हलवतात तशी मी हलवली. रस वाटीत पडला. मला वाटलं विषय संपला. पण शारजाला परत आल्यावर बघते तर माझी ती मान फोनवरून सगळीकडे फिरत होती. "इरानं स्वतःच हो म्हटलंय," असं आई मामीला सांगत होती, बाबा ऑफिसातल्या कुलकर्णीकाकांना सांगत होते आणि आत्या तर मागच्या खोलीसाठी रंग निवडत होती.

मला शारजा फार प्रिय होतं असंही नाही. पण माझं जे काही थोडंफार होतं ते इथं होतं. शाळेच्या बसमधली खिडकीजवळची जागा. माझ्याइतकीच कमी बोलणारी एक मैत्रीण, जिच्याबरोबर मी अख्खी मधली सुट्टी न बोलता काढू शकायची. संध्याकाळी बाबांच्या गाडीचा आवाज, हमरिया बंदरावरून येताना त्यांच्या शर्टाला येणारा धुळीचा आणि ग्रीसचा वास. पुण्यात सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचे आणि मला 'दुबईची' म्हणायचे. शारजा आणि दुबई वेगळी, हे सांगायलासुद्धा मला कधी तोंड उघडायची जागा सापडली नाही.

मग मी घरात सांगत का नव्हते? आज हे लिहिताना मलाही त्याचं नेमकं उत्तर सापडत नाही. गप्प राहणं ही माझी एकमेव गोष्ट होती जिचं सगळे कौतुक करायचे. रिपोर्ट कार्डावर दर वर्षी 'क्वाएट अँड वेल-बिहेव्ड' लिहून यायचं आणि आई त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायची. ती एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसायची. दिवसभर अनोळखी लोकांना हिंदीत, इंग्लिशमध्ये, मोडक्या अरबीत विचारायची, कुठं दुखतंय, किती दुखतंय, केव्हापासून. घरी येईपर्यंत तिचे प्रश्न संपलेले असायचे. मला ती फक्त विचारायची, "ऑल ओके?" आणि मी "ओके" म्हणायची. त्यात खोटं असं काही वाटायचं नाही. 'ओके' हे उत्तर नव्हतंच. दाराची कडी लावावी तसं ते होतं.

अशात बाबांना कंपनीच्या फॅमिली डेला लकी ड्रॉमध्ये बक्षीस लागलं. हॉटेलच्या लॉनवर बिर्याणी, पोरांची पोतं-शर्यत, आणि शेवटी ड्रॉ. पहिलं बक्षीस टीव्ही, दुसरं एअर फ्रायर. आईनं एअर फ्रायरसाठी नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता. फ्रायर स्टोअरकीपरच्या बायकोला गेला. आमच्या कूपनावर निघालं ते 'अ विंटर एक्सपीरियन्स': दुबईतल्या अल बर्शाच्या मॉलमध्ये, छपराखाली, खऱ्या बर्फावर एका माणसाला स्कीईंगचे तीन धडे.

"बर्फ!" गाडीत बसल्यावर आई म्हणाली. "एवढ्या वाळवंटात येऊन शेवटी मिळालं काय, तर बर्फ. तो फ्रीझरमध्ये ढिगानं आहे."

"अगं, लोक स्वित्झर्लंडला जातात त्यासाठी," बाबा म्हणाले. "इरू जाईल. पुण्याला जायच्या आधी काहीतरी दुबईचं करून जाऊ दे. तिथं मैत्रिणींना सांगायला होईल. काय इरू?"

मी मागच्या सीटवरून "ओके" म्हटलं. आणि तोंड खिडकीकडे वळवलं. स्कीईंगमुळे नाही. 'जायच्या आधी' या शब्दांमुळे.

बर्फाला घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं तोंड दिलं. आईनं सुटकेसच्या तळातून महाबळेश्वरला घेतलेले लोकरी मोजे काढले. बाबांनी बाजारातून पोर्टवरचे कामगार कोल्ड स्टोअरेजमध्ये घालतात तसले जाडजूड मोजे आणले. आणि सुमाआत्यानं, बातमी कळल्याबरोबर, शारजाला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती स्वतः विणलेले मरून मोजे पाठवले, बरोबर तिळाच्या वड्यांचा डबा. "पावलं गरम तर माणूस गरम," ती स्पीकरवर म्हणाली. "आणि माकडटोपी घालायची. लाजायचं नाही." आता कुणाचे मोजे घालायचे हा प्रश्न होता. आईनं तो तिच्या पद्धतीनं सोडवला: तिन्ही, एकावर एक. छातीला मलम चोळलं, खिशात वड्या घातल्या. माकडटोपी मी पार्किंगमधल्या गाडीत विसरले. ती विसरायला मला पुष्कळ प्रयत्न करावे लागले.

मॉलच्या आतला तो बर्फ एका प्रचंड काचेमागे होता. काचेच्या या बाजूला कॉफीची दुकानं, स्ट्रोलर, खरेदीच्या पिशव्या. त्या बाजूला पांढरा डोंगर. आत जायचं दार ढकललं की पहिल्यांदा वास येतो, जुन्या फ्रिजमध्ये डोकं घातल्यासारखा. भाड्याचं जॅकेट, भाड्याची पँट, हेल्मेट. आणि बूट. स्कीचे बूट म्हणजे पायाला घालायची पेटीच. कडक प्लॅस्टिक, वर कड्या. तीन जोड मोज्यांवर माझा पाय आत जाईना. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "साईज ओके?" मी म्हटलं, "ओके." तिनं कड्या आवळल्या. मला तेव्हाच कळलं होतं की काहीतरी चुकतंय. पण माझ्यामागे रांग होती.

शिकवणारी जोआन फिलिपाईन्सची होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, सतत च्युइंग गम चघळणारी. तिनं स्वतः बर्फ पहिल्यांदा पाहिला तो याच मॉलमध्ये, आणि अजून दुसरा कुठला पाहिला नव्हता, हे ती मोठ्या अभिमानानं सांगायची. तिच्या वर्गात मी, दोन लेबनीज कॉलेजकुमार आणि नूर नावाची सहा वर्षांची मुलगी. पहिला अर्धा तास आम्ही पडायला शिकलो. कडेला पडायचं, मागे नाही. मग थांबायला: दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, त्रिकोण करायचा. जोआन त्याला 'पिझ्झा' म्हणायची. मग एका सरकत्या पट्ट्यावर उभं राहून थोडंसं वर जायचं आणि घसरत खाली यायचं. "पुढे झुका! नडग्या बुटावर टेका!" ती ओरडायची. उताराला घाबरून मागे रेललं की स्की उलट आणखी जोरात पळतात, हे मला डोक्यात कळत होतं. शरीर ऐकत नव्हतं. मी मागे रेलायची, स्की पुढे पळायच्या, मी कडेला पडायची. पहिल्या पंधरा मिनिटांत पायाची बोटं ठणकायला लागली, मग ठणकायचीही थांबली.

काचेपलीकडे आई-बाबा उभे होते. बाबा व्हिडिओ काढत होते. मी पडले की ते काचेवर टकटक करून अंगठा दाखवायचे. आई हातानं माकडटोपी घालायची खूण करत होती. त्यांच्या शेजारी आईस्क्रीम खाणारं एक कुटुंब मला बघत होतं. सगळा मॉल बघतोय असं वाटत होतं. जोआन जवळ आली की विचारायची, "ऑल गुड?" "ऑल गुड," मी म्हणायची.

घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून मी मोजे सोलून काढले. उजव्या अंगठ्याचं नख जांभळं पडलं होतं. आठवडाभर मी घरात सपाता घालून वावरले. तोच आठवडा वाईट होता. बाबांनी पलंगाखालची मोठी ट्रॉली बॅग काढून तिची चाकं तपासली. आई माझ्या कपाटासमोर उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "हे राहू दे, तिकडे लागणार नाही." सामान भारतात पाठवणाऱ्या कार्गोवाल्याचे कोरे खोके दारामागे येऊन उभे राहिले. आणि दर संध्याकाळी स्पीकरवर सुमाआत्या: भिंतीला पिस्ता रंग दिला, टेबल आलं, कॉलेजचा फॉर्म कधी निघतो. उघड्या खिडकीतून तिचा आवाज बहुधा सगळ्या बिल्डिंगला ऐकू जात असेल. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल करत राहायची, लंगडत. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात येऊ नये याची मी नीट काळजी घेत होते.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच तीन जोड. खरं तर मी गाडीत ते काढू शकले असते. पण आईनं सकाळी जमिनीवर बसून, माझा पाय मांडीवर घेऊन ते चढवले होते, मी लहान असताना चढवायची तसे. तिनं काही बोलावं अशी मी वाट पाहिली. तिनंही बहुधा तीच वाट पाहिली असावी. मग ती "झालं," म्हणाली आणि उठली.

बर्फावर गेल्यावर दहाएक मिनिटांत नूर मटकन खाली बसली आणि तिनं भोकाड पसरलं. "माय टो! माय टो इज अँग्री!" जोआन लगेच गुडघ्यावर बसली, तिचा बूट काढला, आत दुमडलेला मोजा सरळ केला, पुन्हा घातला. नूरनं डोळे पुसले आणि पट्ट्याकडे पळाली. एवढंच. दुखलं, सांगितलं, संपलं. मी तिच्याकडे असं बघत होते जणू तिनं डोंगरावरून उडी मारली होती.

मी बघत होते ते जोआननं बघितलं. "आणि तू? ऑल गुड?"

"ऑल गुड."

ती च्युइंग गम चघळायची थांबली. "तू 'गुड' फार पटकन म्हणतेस," ती म्हणाली. "आधी पायाला विचार. मग मला सांग."

मी खाली बघितलं. पायाला विचारायचं म्हणजे काय करायचं हे मला खरंच कळेना. बोटं हलवायचा प्रयत्न केला. हलवायला बोटं होती की नाही तेच समजेना. "आय काण्ट फील देम," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला वाकावं लागलं.

कडेच्या बाकावर बसवून तिनं माझे बूट काढले. आधी बाबांचे मोजे निघाले, मग आत्याचे मरून, मग महाबळेश्वरचे. जोआन प्रत्येक जोड बाकावर मांडत गेली आणि तिसऱ्याला खो खो हसायला लागली. "तुझे घरचे तुझ्यावर फार प्रेम करतात!" मग माझी पांढरी पडलेली बोटं हातात चोळत म्हणाली, "पण असा पाय आवळला की रक्त पोचत नाही. पाय गार पडतो तो त्यानंच. एक पातळ मोजा, बस. बूट गरम ठेवतो." तिनं आतून काउंटरवरचा एक पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोज्यांचा जोड आणून दिला.

तेवढ्यात काचेवर धडाधड टकटक सुरू झाली. आईनं बघितलं होतं: तिची मुलगी बर्फात अनवाणी. ती दोन्ही हातांनी मोजे ओढायच्या खुणा करत होती, तोंडानं 'घाल, घाल' म्हणत होती, आवाज अर्थातच येत नव्हता. बाबा शेजारी तेच करत होते, फक्त एका हातानं, कारण दुसऱ्यात फोन होता. आईस्क्रीमवाले, स्ट्रोलरवाले, सगळे बघायला लागले. माझ्या हातात तो पातळ जोड होता, बाजूला ते तिघांचे मोजे.

मी आईकडे बघून मान हलवली. नाही.

आईचे हात तसेच हवेत थांबले. मी तो पातळ जोड घातला, बूट घातले, कड्या मीच लावल्या.

त्यानंतरचं उतरणं फार मोठं नव्हतं. शिकाऊ लोकांचा तो लहानसा उतार. पण पायाखाली काय चाललंय ते मला पहिल्यांदा कळत होतं. बर्फ कुठं भुसभुशीत, कुठं घट्ट, वजन कुठल्या पायावर. मी नडग्या बुटावर टेकल्या, घाबरत घाबरतच खालच्या बाजूला झुकले, आणि स्की माझं ऐकायला लागल्या. वळण घेतलं. जरा वाकडं, पण घेतलं. काचेच्या अगदी जवळ येऊन मी त्रिकोण केला आणि थांबले. आई आणि मी, मध्ये काच. तिचा श्वास काचेवर उमटत होता. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती.

नंतर फूड कोर्टमध्ये बाबांनी दाट दुधाचा करक चहा आणि चीज पराठे आणले. बाहेरच्या उबेत बोटांत रक्त परतत होतं आणि जोरात चुरचुरत होतं. "मग, स्की चॅम्पियन?" बाबा म्हणाले. "कसं वाटलं?"

तोंडात 'फाईन' तयार होतं. मी ते पराठ्याबरोबर गिळलं. "दुखलं," मी म्हटलं. "मागच्या वेळी पण दुखलं. नख काळं झालंय."

आईनं चहा खाली ठेवला. "कुठल्या पायाचं? केव्हापासून? किती दुखतंय?" क्लिनिकमधले सगळे प्रश्न, ओळीनं. मी सगळ्यांची उत्तरं दिली. आणि उत्तरं देता देताच, मध्ये श्वास न घेता, पुढचं बोलून टाकलं. ते वाक्य मी कित्येक दिवस इंग्लिशमध्ये घोटून ठेवलं होतं. निघालं मराठीत. "मला पुण्याला नाही जायचं."

बाबांनी फोन उलटा ठेवला. "अगं, तू आत्याला हो म्हणालीस ना? आमच्यासमोर!"

"ती वाढत होती, बाबा. वाढताना नाही कसं म्हणणार?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईला आधी हसू आलं, मग ते मध्येच बिघडलं आणि ती पेपर नॅपकिन शोधायला लागली. "मला वाटलं तुला आमचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "सारखी येरझाऱ्या घालतेस, बोलत नाहीस. म्हटलं, तिला तिकडे चार माणसं मिळतील, खुलेल. मला काय हौस आहे का तुला पाठवायची?"

"मग मला कशाला सांगत होतीस, फॉर्म आणा, फॉर्म आणा?" बाबा म्हणाले.

"तुम्ही बॅगेची चाकं बघत होतात! मला वाटलं तुमचं ठरलंय."

बाबा फोन टेबलावर गोल फिरवत राहिले. पराठा गार झाला. मग त्यांनी डोक्याला हात लावला. "पण आता सुमाताईला सांगणार कोण?" आणि मला एकदम दिसलं की हमरियात क्रेनवाल्यांवर ओरडणारे माझे बाबा बहिणीला घाबरतात, त्यांनीही तिच्यासमोर आयुष्यभर मानच हलवली असणार.

फोन परतीच्या वाटेवर झाला, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा. स्पीकरवर. "ताई, इरा नाही येत. नाही, आमचं नाही, तिचं म्हणणं आहे. तिनंच सांगितलं."

"तिनं?" सुमाआत्याचा आवाज गाडीभर झाला. "ती बोलली?" मग पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "आणि त्या पिस्ता रंगाचं काय करू मी?"

"तो राहू दे, आत्या," मी मागून म्हटलं. "सुट्टीत येईन ना." आणि जरा थांबून, "मोजे छान आहेत. पण बुटात मावत नाहीत."

पलीकडे ती काही तरी पुटपुटली, मग म्हणाली, "मग घरात घाल." ते मी अजून घालते. इतक्या वर्षांनी आता मी अल बर्शातच एका खोलीत राहते. एसी जोरात असला की रात्री तेच मरून मोजे पायात असतात. मेट्रोतून त्या मॉलचं तिरकं छप्पर दिसतं. उजव्या अंगठ्याचं नख अजून जरा वाकडं वाढतं. आणि माझं 'ओके' अजूनही कधी कधी कडीसारखं पडतं. एका हिवाळ्यात माणूस बदलतं असं मला म्हणायचं नाही.

पण तिसऱ्या शनिवारची सकाळ मला नीट आठवते. खिडकी उघडी होती, शेजारचा मिक्सर चालू होता, कार्गोचे खोके आईनं बाल्कनीत नेऊन त्यात कुंड्या ठेवल्या होत्या. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, हातात शाळेच्या युनिफॉर्मचे पातळ सुती मोजे, एकच जोड. माझा पाय मांडीवर घेतला नाही. मोजे माझ्या हातात दिले. "हे पुरतील ना?" तिनं विचारलं.

मी लगेच ओके म्हटलं नाही. मोजे घातले, उभी राहिले, बोटं हलवून पाहिली. आई तशीच बसून होती, मान वर करून, उत्तराची वाट बघत.